‘माइंडसेट बदला’ म्हणजे नक्की काय करायचं? डहाणूच्या अनुताई वाघांच्या आयुष्यात त्याचं उत्तर सापडतं

फोन उघडला की कुणी ना कुणी सांगतच असतं, ‘माइंडसेट बदला, आयुष्य बदलेल.’ पहाटे पाचला उठा, आरशासमोर उभं राहून स्वतःचं कौतुक करा, यशाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. तीस सेकंद अगदी भारी वाटतं. मग पुढचं रील सुरू होतं. दुसऱ्या दिवशी नोकरी तीच, हप्ता तोच आणि आपणही तेच!

यात सगळी चूक आपल्या आळसाची नाही बरं का. जर्मन मानसशास्त्रज्ञ गाब्रिएल ओटिंगन यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा एक अभ्यास केला होता. तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आपल्याला हे जमेल’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं वजन जास्त उतरलं. पण सडपातळ झाल्याच्या गोड कल्पनेत ज्या रमत होत्या, त्यांचं वजन तुलनेने कमी उतरलं. म्हणजे जमेल असा विश्वास असणं वेगळं आणि जमलंच आहे अशी स्वप्नं बघत बसणं वेगळं. रील्समध्ये या दोन्हींची सरमिसळ होते.

मग माइंडसेट नावाची गोष्ट प्रत्यक्षात दिसते तरी कशी? त्यासाठी सिलिकॉन व्हॅलीतल्या अब्जाधीशांपर्यंत जायची गरज नाही. पालघर जिल्ह्यात डहाणूच्या मसोलीहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघालं की चिकूच्या वाड्या लागतात, मग घोलवड येतं, पुढे बोर्डी. आणि जरा आतल्या बाजूला कोसबाडची टेकडी. या पट्ट्यात अनुताई वाघ नावाच्या एका शिक्षिकेने आयुष्याची सत्तेचाळीस वर्षं काढली. त्या इथे पोचल्या कशा, हे आधी पाहू.

तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं. सहा महिन्यांच्या आत नवरा वारला.

आज हे वाचून आपण हळहळतो आणि पुढे जातो. पण तेव्हा याचा अर्थ काय होता, ते समजून घ्यायला हवं. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा करणारा शारदा कायदा १९२९ साली आला, म्हणजे अनुताईंच्या लग्नाच्या वेळी तोही नव्हता. विधवाविवाहाला कायद्याने १८५६ पासूनच परवानगी होती, पण घराघरांत चालायची ती रूढीच. बालविधवेने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राबायचं, शुभकार्यात पुढे यायचं नाही आणि उरलेलं आयुष्य कुणाच्या तरी आधाराने काढायचं, असं ते ठरलेलं गणित. तेरा वर्षांच्या मुलीला ‘तुझं आयुष्य तुझ्या हातात आहे’ असं त्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर ती क्रूर थट्टाच ठरली असती.

तिच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे शिकणं. घरच्यांनी ते करू दिलं, हेही इथे नोंदवायला हवं. एकट्याच्या जिद्दीच्या गोष्टी सांगताना अशा आधाराचा उल्लेख हमखास गळून जातो. मग ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

पुढच्या पायऱ्या नीट बघा. १९२९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, प्राथमिक शिक्षिकेचं प्रशिक्षण पूर्ण. त्यानंतर चार वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड भागात मास्तरकी. १९३३ पासून पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी. दिवसा शिकवायचं, रात्रीच्या शाळेत शिकायचं, असं करत १९३७ मध्ये मॅट्रिक. वय सत्तावीस. आणि बी.ए.? ते झालं १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी!

यातली एकही पायरी व्हायरल होण्यासारखी नाही. आयुष्याला एका रात्रीत कलाटणी वगैरे काही दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की प्रत्येक वेळी हाताला लागेल अशी पुढची एक पायरी त्यांनी शोधली.

मानसशास्त्रात याच्याशी जवळची एक कल्पना आहे. ज्युलियन रॉटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये ती सविस्तर मांडली. आपल्या बाबतीत जे घडतं त्याची सूत्रं कुणाकडे आहेत असं आपल्याला वाटतं, यावर आपलं वागणं बरंचसं ठरतं. काही माणसांना वाटतं, सगळं नशीब, साहेब आणि परिस्थिती ठरवते. काहींना वाटतं, आपल्या वागण्याने फरक पडतो. दुसऱ्या प्रकारची माणसं साधारणपणे जास्त प्रयत्न करतात, लवकर सोडून देत नाहीत. पण हे टोकाला नेलं की घोटाळा होतो. मग आजारपण, मंदी, जातीवरून किंवा बाई असण्यावरून होणारा अन्याय, हे सगळंही ‘तुझ्याच विचारांमुळे’ झालं असं सांगितलं जातं. पती वारला हे काही त्या मुलीच्या माइंडसेटमुळे झालं नव्हतं.

मुलं येतच नाहीत, आता काय?

१९४५ मध्ये अनुताईंनी पुणं सोडलं. पस्तिशी गाठलेली, हुजूरपागेसारख्या नावाजलेल्या शाळेतला अकरा वर्षांचा अनुभव गाठीशी. ते सगळं मागे ठेवून त्या बोर्डीला आल्या, ताराबाई मोडकांबरोबर काम करायला.

ताराबाईंविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग केलेल्या, १९३६ पासून दादरला शिशुविहार चालवणाऱ्या या बाईंना एक प्रश्न छळत होता. माँटेसोरी पद्धत चांगली, पण तिची साधनं महाग. शहरातल्या सुखवस्तू घरांतली मुलं तिथे येतात. मग खेड्यातल्या, गरिबांच्या, आदिवासींच्या मुलांचं काय? म्हणून बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

बालवाडी तर उघडली. पण ज्यांच्यासाठी ती होती, ती वस्त्यांवरची मुलं काही येईनात.

आता इथे थांबा. कारण माइंडसेट नावाची गोष्ट खरी इथे दिसते. ‘मुलं येत नाहीत’ ही वस्तुस्थिती एकच. तिचे दोन अर्थ लावता येतात. एक सोपा अर्थ असा, ‘या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही.’ हा अर्थ लावला की आपलं काम संपतं. दोष त्यांचा, आपण मोकळे. दुसरा अर्थ असा, ‘आपल्या शाळेत असं काय आहे, की या मुलांना येता येत नाही?’ हा अर्थ लावला की काम सुरू होतं.

दोघींनी दुसरा प्रश्न घेतला. उत्तरं समोरच होती. आई-बाप सकाळीच मजुरीला जातात. मुलाला अंघोळ घालून, धड कपडे घालून वेळेवर पाठवणार कोण? जरा मोठी मुलगी असेल तर तिच्या कडेवर धाकटं भावंड. आणि मुलगा चालता-बोलता झाला की गुरांमागे.

मग मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं ठरलं. शिक्षिका पाड्यावर, वस्तीवर जायची. अंगण स्वच्छ करायचं, मुलांचे हात-पाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू. यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द रुळला. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, पानं, बिया, गोटे आले. मोजायला चिंचोके चालतात, त्यासाठी परदेशी मणी कशाला?

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं आणि तिथे हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. धाकट्या भावंडामुळे मुलगी येत नाही? मग शाळेला लागूनच पाळणाघर. तान्हं बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली प्राथमिक शाळेत, सगळं एकाच आवारात. यालाच ‘विकासवाडी’ म्हणायचे. गुरांमुळे मुलगा येत नाही? मग कुरणशाळा! गुरं चरतात तिथेच, झाडाखाली वर्ग.

मला स्वतःला या सगळ्यात कुरणशाळेची कल्पना सर्वांत आवडते. गुरं राखणं ही अडचण तिथे तशीच राहिली. ती हटवण्याच्या मागे कुणी लागलं नाही, तिच्या भोवतीनं शाळा बसवली. आपण मात्र ‘आधी सगळं सुरळीत होऊ दे, मग सुरू करतो’ म्हणत वर्षं घालवतो.

पुढे केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज देशात अशी सुमारे १४ लाख केंद्रं आहेत.

त्याच वर्षी, त्याच भागात दुसरी गोष्ट घडत होती

अनुताई बोर्डीला आल्या ते १९४५ साल डहाणू-तलासरीच्या इतिहासात आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवलं जातं. वारली आदिवासी तेव्हा जमीनदारांच्या शेतावर वेठ करत होते. ‘लग्नगडी’ ही तर भयंकर पद्धत. लग्नासाठी सावकाराकडून थोडं कर्ज घ्यायचं आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्या घरी राबायचं. कर्ज काही फिटायचं नाही.

अशा माणसाला ‘सकारात्मक विचार करा’ म्हणून काय होणार? एकट्याने वेठ नाकारली तर मार ठरलेला. इथे एकट्याच्या माइंडसेटची ताकद संपते.

गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम घेऊन या पाड्यांवर फिरले. मे १९४५ मध्ये झरी गावात वारल्यांची परिषद भरली. वेठ करायची नाही आणि बारा आण्यांपेक्षा कमी रोजाने काम करायचं नाही, अशी भूमिका ठरली. एक माणूस म्हणाला असता तर चिरडला गेला असता, पण हजारो जण एकाच वेळी म्हणाले. किंमत मोजावी लागलीच. ऑक्टोबरमध्ये तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा जीव गेला. पण वेठ आणि लग्नगडी पद्धत या भागातून गेली ती या लढ्यामुळे. गोदावरीबाईंनी ही सगळी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. वाचलं नसेल तर जरूर वाचा.

मग आपण काय करायचं?

समजा, तुम्ही डहाणूहून रोज मुंबईला नोकरीसाठी अप-डाऊन करता आणि त्यातच स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा आहे. दिवसाचे चार-पाच तास गाडीत. चिडचिड होते, ‘माझ्याकडे वेळच नाही’ हे वाक्य तोंडात बसतं.

आता वरचे प्रश्न इथे लावून बघा. गाड्यांची संख्या आणि वेळापत्रक तुमच्या एकट्याच्या हातात नाही. तिथे मनाला समजावण्यात अर्थ नाही. प्रवासी संघटनेत जाणं, निवेदनावर सही करणं, चार जणांना बरोबर घेणं हाच तिथला रस्ता. घरापासून ऑफिसपर्यंतचं अंतर तर आजच्या आज बदलणार नाही, तेव्हा त्यावर रोज जीव जाळायचा नाही. आणि गाडीत बसायला जागा मिळते ते तासभर? ते मात्र पूर्णपणे तुमचं. तीच तुमची कुरणशाळा.

पण ‘उद्यापासून गाडीत अभ्यास करीन’ असं म्हणून भागत नाही, हे आपण सगळे अनुभवाने जाणतो. याचं एक साधं कारण पेटर गोल्वित्सर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा वृत्तांत लिहायचा होता. काहींना तो नक्की कुठे आणि केव्हा लिहिणार, हे आधी ठरवायला सांगितलं. त्यांच्यापैकी दोन तृतीयांशाहून अधिक जणांनी वेळेत लिहिला. बाकीच्यांची इच्छा होती, पण त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश होतं.

म्हणून ठरवताना वाक्य असं करायचं: ‘पालघर गेलं आणि बसायला जागा असली, की लगेच गणिताची दहा उदाहरणं.’ जागा, वेळ आणि काम, तिन्ही त्यात आलं. आणि आठवडाभर तेही जमलं नाही तर? स्वतःला ‘मी आळशीच’ म्हणण्याआधी बोर्डीचा प्रश्न विचारा. मी का करत नाही, यापेक्षा मला करता का येत नाही? संध्याकाळी डोळे मिटतात? मग सकाळच्या गाडीत करा. गर्दीत वही उघडत नाही? मग कानात ऐकता येईल असं काही निवडा. उत्तर बहुतेक वेळा इतकंच बारीक असतं, आणि म्हणूनच आपण ते शोधायला जात नाही.

बहात्तराव्या वर्षी पुन्हा सुरुवात

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर कोसबाडचा सगळा भार अनुताईंवर आला. त्यांनी तो सांभाळला, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक लिहिलं. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण त्याच्या तीन वर्षं आधीची एक नोंद जास्त बोलकी आहे. १९८२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी प्रा. रमेश पानसे यांच्यासोबत ‘ग्राममंगल’ ही नवी संस्था सुरू केली. जागा निवडली डहाणू तालुक्यातल्याच ऐने-दाभोणची. तिथेही मुलं वारली पाड्यांवरचीच होती आणि काम पुन्हा बालवाडीपासूनच सुरू झालं. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईंचं निधन झालं. ग्राममंगलचं काम त्यानंतरही चालू राहिलं.