आकाशातल्या जागेचा जमाखर्च

गच्चीवर अँटेना असण्याचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना पडद्यावरची ती फिकट सावली आठवत असेल. वृत्तनिवेदिकेच्या शेजारी तिचीच दुसरी प्रतिमा उभी राही आणि घरातला थोरला मुलगा अँटेना फिरवायला वर धावे. पुण्यातल्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असत. ती सावली म्हणजे डोंगरावर वा इमारतीवर आपटून क्षणभर उशिरा आलेली तीच लहर. लहरींना ना भिंत कळते ना सरहद्द. म्हणूनच कोणी, कुठून, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर प्रक्षेपण करायचे, हे आधी ठरवून घ्यावे लागते.

युरोपने ही वाटणी १९६१ साली स्टॉकहोममध्ये केली. जुन्या पद्धतीत एका कार्यक्रमाला सात-आठ मेगाहर्ट्झचा अख्खा पट्टा लागे. शिवाय एका मनोऱ्याचा पट्टा शेजारच्या मनोऱ्याला वापरता येत नसे, नाहीतर दोघांचीही चित्रे बिघडत. डिजिटल तंत्राने हे गणित पालटले. एका पट्ट्यात अनेक कार्यक्रम मावू लागले. उशिरा आलेली लहरही, ठरावीक मर्यादेत असली तर, घातक न ठरता उपयोगी पडू लागली. त्यामुळे अनेक मनोऱ्यांना एकच फ्रिक्वेन्सी देणे शक्य झाले.

मग अडचण कसली? आपल्याकडे जुन्या चाळीचा पुनर्विकास होतो, तेव्हा भाडेकरूंसाठी आधी संक्रमण शिबिर शोधावे लागते. इथेही तसेच. घरोघरी नवी यंत्रे येईपर्यंत जुने प्रक्षेपण बंद करता येत नाही आणि नव्याला तर रिकामी जागा नाही! ब्रिटनने १९९८ साली जुन्या वाहिन्यांच्या फटींतून, कमी शक्तीवर डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. जुने बंद झाल्यावरच त्याला पुरती शक्ती देता आली.

पण एका देशाने घर आवरून भागत नाही. २००६ साली १५ मे ते १६ जून या काळात जिनिव्हात युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातील देशांचे प्रतिनिधी बसले. १७४ ते २३० आणि ४७० ते ८६२ मेगाहर्ट्झ एवढे क्षेत्र वाटायचे होते. प्रत्येकाने आपली मागणी मांडायची, संगणकांनी तिचा शेजाऱ्यांच्या मागण्यांशी ताळा घ्यायचा आणि जिथे टक्कर दिसेल तिथे पुन्हा समोरासमोर बसायचे. या प्रचंड आकडेमोडीला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचे संगणकही जुंपले होते. बँकेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला यात क्लिअरिंग हाऊसच दिसते. टेबलावर सगळे दावेदार, आणि ताळा जुळल्याशिवाय दिवस संपत नाही. जुन्या प्रक्षेपणाला मिळणारे संरक्षण बहुतांशी १७ जून २०१५ रोजी संपेल, असे तिथे ठरले.

कागदावरची तारीख मात्र शेवटी एखाद्या आजीच्या खोलीत येऊन ठेपते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००७ मध्ये व्हाइटहेवन या छोट्या गावापासून बदलाला आरंभ झाला आणि २४ ऑक्टोबर २०१२ रोजी उत्तर आयर्लंडमध्ये तो पुरा झाला. पंचाहत्तरी गाठलेल्यांसाठी आणि अपंगांसाठी मदतयोजना होती. त्यांना उपकरण मिळे आणि ते बसवून द्यायला माणूसही घरी येई. अमेरिकेत तर उपकरणांसाठीच्या सवलतीच्या कुपनांचा निधी अपुरा पडला. कुपनांसाठी लोक ताटकळत राहिले आणि फेब्रुवारी २००९ ची मुदत १२ जूनपर्यंत ढकलावी लागली.

एवढा खटाटोप कशासाठी? चांगल्या चित्रासाठी, हे खरेच. पण मोकळ्या झालेल्या जागेचे मोलही मोठे. युरोपात ७९० ते ८६२ मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलकडे गेला. ब्रिटनने हा पट्टा आणि सोबत आणखी एक २०१३ साली लिलावात काढले, तेव्हा सुमारे २.३४ अब्ज पौंड मिळाले.

भारत जिनिव्हाच्या या वाटणीत नव्हता. आपल्याकडे दूरदर्शनने २०१६ साली मुंबई, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) यांसह सोळा शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. जुने ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद होत गेले. २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे थोडे ठेवून बाकीचे बंद करण्याचे ठरले होते. शहरांत त्याची फारशी कुणाला चाहूलही लागली नाही. केबल आणि छत्र्या केव्हाच घरोघरी पोचल्या होत्या.

सोय झाली, यात शंका नाही. दूरदर्शनची मोफत छत्री आजही आहे, हेही विसरू नये. पण अँटेनाला महिन्याचे बिल येत नसे, ही गोष्ट लहान नव्हती. बँकेत ठेवीदाराचा पैसा आम्ही हाताळत असू, मालक तो असे. आकाशातल्या या जागेचेही तसेच आहे. सरकार तिचे विश्वस्त, मालक आपण सारे. ठेव कुणाला, कोणत्या भावाने दिली, हे विचारणाऱ्या ठेवीदाराला कोणत्याही चांगल्या बँकेत खुर्ची द्यावी लागते.