रेषेबाहेरचा साक्षी

खेळणारा, खेळ पाहणारा आणि खेळाचा निवाडा करणारा, असे तीन वर्ग क्रीडांगणावर फार पूर्वींपासून आहेत. अलीकडे त्यांत चौथ्याची भर पडली आहे. तो म्हणजे खेळाचें वृत्त लिहिणारा व चित्र घेणारा. एके काळीं हा मान वर्तमानपत्रांच्या वार्ताहरांपुरता होता. आतां खिशाखिशांत मोबाइल असल्यामुळें घरोघरचीं मुलें हा मान आपण होऊन घेतात, आणि सामना संपण्यापूर्वींच त्याचीं चित्रें चहूंकडे धाडतात. त्यांचा उत्साह स्तुत्य आहे. परंतु मैदानाच्या कडेला कसें वागावें, हें त्यांना घरांत कोणी सांगत नाहीं आणि शाळेंतहि कोणी शिकवीत नाहीं. प्रस्तुत लेख त्यासाठींच आहे.

मावळांतील आमचें शिरगांव परगांवच्या लोकांना ‘प्रतिशिर्डी’च्या साईमंदिरामुळें ठाऊक आहे. येथून जवळच, मुंबई-पुणें द्रुतगति मार्गालगत, गहुंजे येथें महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचें मोठें क्रीडागार आहे. तें २०१२ सालीं सुरू झालें. २०१७ च्या फेब्रुवारींत तेथें पहिला कसोटी सामना झाला, आणि २०२३ च्या विश्वचषकांतील पांच सामनेहि तेथें झाले. याच टापूंत जत्रांच्या दिवसांत मातींतल्या कुस्त्या, कबड्डीचे सामने आणि बैलगाड्यांच्या शर्यती होतात. म्हणजे कडेवर उभें राहण्याच्या दोन तऱ्हा आम्हांस दोनचार कोसांच्या आंत पाहावयास मिळतात. एके ठिकाणीं कडेचा प्रत्येक हात नियमानें मोजलेला. दुसऱ्या ठिकाणीं कड कोठें संपते हेंच कोणास सांगतां येत नाहीं.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या नियमांप्रमाणें सीमेची दोरी आणि तिच्यामागील कुंपण किंवा जाहिरातींचे फलक यांमध्यें निदान तीन यार्ड, म्हणजे सुमारें पावणेतीन मीटर, जागा मोकळी ठेवावी लागते. ही जागा शोभेसाठीं नव्हे. चेंडूमागें धांवत आलेला क्षेत्ररक्षक दोरीपाशीं एकदम थांबूं शकत नाहीं. तो घसरत पुढें येतो. त्या पट्ट्यांत कोणी तिवई मांडली, तर ती त्याच्या गुडघ्यावर घाला घालील. म्हणून मोठ्या सामन्यांत छायाचित्रकारांस परवाना देतात, दुरून ओळखूं येईल असें जाकीट घालावयास लावतात आणि बसण्याची जागा नेमून देतात. त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं.

स्वतःच्या जिवाचा प्रश्न तर याहून निकडीचा. लांब पल्ल्याचें भिंग डोळ्यास लावलें कीं एक डोळा मिटलेला असतो, आणि दुसऱ्यास मैदानाचा तळहाताएवढा तुकडा दिसतो. क्रिकेटचा चेंडू साडेपांच ते पावणेसहा औंस वजनाचा व दगडासारखा टणक. इस्राएलमध्यें अश्दोद येथें २०१४ सालीं यष्टींवर आपटून उसळलेल्या चेंडूनें खुद्द पंचाचाच बळी घेतला. ज्याचें लक्ष सर्वस्वीं खेळाकडे, त्याची ही गत; मग भिंगांत डोळा घालून बसलेल्याचें काय? यासाठीं दर चित्रानंतर डोळा भिंगावरून काढून सबंध मैदानावर एकवार नजर फिरवावी. खेळ चालू असतां मैदानाकडे पाठ करूं नये. मांडी घालून बसण्यापेक्षां चटकन् उठतां येईल असें बसावें, आणि पिशवी पाठीमागें ठेवावी, पुढें नव्हे.

बैलगाड्यांच्या शर्यतींत हा धोका दसपटीनें वाढतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंद केलेल्या या शर्यती २०२१ च्या डिसेंबरांत पुन्हां सुरू झाल्या, आणि २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें त्यांस मान्यता दिली. त्यांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पण परवानगीच्या कागदानें बैल आवरत नाहीं. गेल्या जत्रेंत माझा नातू मोबाइल घेऊन धांवपट्टीच्या तोंडाशींच जाऊं लागला. “आजोबा, समोरून घेतल्याशिवाय चित्रांत जोर येत नाहीं,” असें त्याचें म्हणणें. मीं म्हटलें, “बाळ, क्रिकेटचा खेळाडू तुला पाहून निदान अंग चोरील. जुंपलेला बैल तुझ्याकरितां वळणार नाहीं.” त्यानें तोंड वांकडें केलें, पण तो बाजूच्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिला. चित्र बाजूनें आलें, तरी वाईट आलें नाहीं.

देहरक्षणाइतकाच पंचाचा मान महत्त्वाचा आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त गणदास व हरदत्त हे दोन नाट्याचार्य श्रेष्ठत्वावरून भांडतात. तेव्हां पक्षपाताचा संशय येऊं नये म्हणून निवाड्याचें काम परिव्राजिकेकडे जातें. अशा परीक्षकास संस्कृतांत ‘प्राश्निक’ हा शब्द आहे. प्रत्यक्ष राजाच्या घरींहि निवाडा करणाऱ्याचें आसन निराळें असावें, हें आपल्या पूर्वजांना चांगलें कळत होतें. मैदानांत पंच जेथें उभा राहतो ती त्याच्या दृष्टीची जागा असते. ती अडविली म्हणजे निवाडाच अडविला. हें मात्र मी ग्रंथांतून शिकलों नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं शाळकरी मुलांच्या एका कबड्डी सामन्यांत मी पंच होतों. शेवटचें मिनिट चालू होतें आणि दोन्ही संघांचे गुण समान होते. चढाई करणाऱ्या मुलास तिघांनीं धरलें. त्याचा दम टिकला होता, आणि तो मध्यरेषेकडे हात लांबवीत अंग ओढीत होता. इतक्यांत बाजूच्या रेषेशीं बसलेले एक हौशी छायाचित्रकार गुडघ्यांवर पुढें सरकले, आणि नेमके माझ्या व मध्यरेषेच्या मध्यें आले. त्या मुलाचीं बोटें रेषेस टेकलीं कीं नाहीं, हें मला दिसलें नाहीं. मीं दुसऱ्या पंचाकडे पाहिलें. त्याच्यासमोर खेळाडूंच्या पाठी होत्या. शेवटीं मीं शिटी वाजवून मुलास बाद दिलें. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें अंगावरची माती झाडली, मला नमस्कार केला आणि निघून गेला.

पुढें तें चित्र माझ्या हातीं आलें. त्यांत बोटें रेषेपर्यंत पोंचल्यासारखीं दिसत होतीं. मीं तें कितीदां तरी निरखून पाहिलें. परंतु तें तिरकस कोनांतून घेतलेलें होतें, आणि जमिनीस टेकलेला हात व वीतभर वर असलेला हात त्या कोनांतून सारखेच दिसतात. म्हणजे ज्या चित्रासाठीं माझी दृष्टि अडली, त्या चित्रानेंहि खरें काय तें सांगितलें नाहीं. दोष एकट्या त्या गृहस्थांचा नव्हता. सामन्यापूर्वीं त्यांस मागें बसविणें माझें काम होतें. मीं तें संकोचापायीं केलें नाहीं, आणि त्याची किंमत एका पोरानें दिली.

तेव्हांपासून माझें एक मत झालें आहे: चित्र हातांत आहे म्हणून आपण पंचाहून शहाणे झालों असें समजूं नये. रेषेचा निर्णय रेषेच्या सरळींत उभें राहूनच नीट करतां येतो. शिवाय लांब पल्ल्याच्या भिंगांतून पुढचीं-मागचीं अंतरें आकसून दिसतात. मोठ्या सामन्यांत तिसरा पंच ठरलेल्या जागीं लावलेल्या अनेक कॅमेऱ्यांतून एकच क्षण पाहतो. आपल्या मोबाइलास ती सोय नाहीं. म्हणून चालू सामन्यांत मोबाइल उंचावून पंचाच्या अंगावर जाणें, किंवा प्रेक्षकांस चित्र दाखवून त्यांना चेतविणें, हा केवळ अविचार होय. २०२५ सालीं अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत निकालांवरून वाद झाले, आणि पंचांशीं केलेल्या वर्तनाबद्दल दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यांत आली. निर्णय बरोबर कीं चूक हा प्रश्न निराळा. तो सोडविण्याची वाट लेखी तक्रारीची आहे. आपलें चित्र उपयोगी असेल, तर तें सामन्यानंतर संयोजकांच्या हवालीं करावें.

बाकीच्या गोष्टी थोड्या आहेत. कबड्डींत चढाई करणाऱ्याचा ‘कबड्डी’ हा उच्चार पंचास कानांनीं ऐकावा लागतो. तेव्हां त्याच्याजवळ ओरडूं नये. खेळाडूच्या डोळ्यांवर कॅमेऱ्याचा झगझगीत प्रकाश पाडूं नये. एखादा खेळाडू जखमी होऊन पडला, तर चित्रासाठीं त्याच्याभोंवतीं गर्दी न करतां वैद्यास वाट द्यावी. पंचानें “मागें सरा” म्हटलें, तर प्रथम मागें सरावें; कारण विचारावयाचें असेल तर तें नंतर.

घरांतील वडीलधाऱ्यांस माझी एवढीच विनंती आहे. मुलें सामन्यास निघालीं कीं आपण त्यांना पाण्याची बाटली व खाऊचा डबा आठवणीनें देतों. त्याबरोबर आणखी एक वाक्य द्यावें: “आधीं पंचांना विचार, मी कोठें बसूं?” हा प्रश्न त्या दिवशीं मला कोणी विचारला असता, तर त्या मुलाचा हात मला दिसला असता.