चौदा जोडपानांचं कासव

मुलांच्या पुस्तकाची लांबी आधी छापखाना ठरवतो. सोळा पानांचा एक फॉर्म, दोन फॉर्मची 32 पानं, मधोमध दोन पिना. तेहतिसाव्या पानाचा हट्ट धरला तर पानं चारच्या पटीत वाढतात आणि पुस्तकाची किंमतही वाढते. त्यामुळे रत्नागिरीत मी आणि माझी चित्रकार मैत्रीण कासवाचं पुस्तक करायला बसलो, तेव्हा 32 हा आकडा ठरलेलाच होता.

मजकूर मात्र भरपूर होता. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते, मागच्या पायांनी वाळूत दीडेक फुटाचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू दडपते आणि समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसं खायला न्यायची, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची. 2002पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आता कासवमित्र पहाटे किनारा धुंडाळतात आणि सापडलेली अंडी कुंपणातल्या हॅचरीत तशाच खड्ड्यात ठेवतात.

हे सगळं सात-आठ वर्षांच्या मुलासाठी कुठे तोडायचं? मोठ्या माणसाच्या हाताला पटकन सापडतात ते विषयवार तुकडे: अधिवास, आहार, प्रजनन, संवर्धन. अशा मांडणीत माहिती नीट बसते, पण पुढचं पान उलटावं असं मुलाला काही वाटत नाही.

वाट दाखवली ती आमच्याच जिल्ह्यातल्या माणसानं. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं आणि त्याचे भाग पाडले ते ‘रात्रीं’चे. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस. संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम एक आठवण सांगतो आणि ती आठवण त्याच रात्री पुरी होते. ‘मुकी फुले’, ‘पत्रावळ’, ‘मोरी गाय’: नावंही साधी, वस्तूंची, गोठ्यातल्या गाईची. पुस्तक मोठं असलं तरी मुलाच्या वाट्याला एका वेळी एकच रात्र येते. एका बैठकीत ऐकून होईल एवढा एक भाग आणि त्या भागात एकच घडामोड, हे माप मला मुलांच्या कुठल्याही पुस्तकासाठी पक्कं वाटतं.

मग डमी केली. आठ कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की 32 पानं होतात. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर प्रकाशनाचा तपशील, तिसऱ्यावर किनाऱ्याचा नकाशा, शेवटचं पान जास्तीच्या माहितीला. चार ते एकतीस उरली. म्हणजे चौदा जोडपानं. मजकूर कात्रीनं कापून पट्ट्या केल्या आणि उचलून दुसरीकडे लावता येतील अशा, डिंकाच्या एकेका ठिपक्यानं चिकटवल्या.

भाग तीन झाले. ‘रात्र’ला पाच जोडपानं, ‘टोपली’ला सहा, ‘लाट’ला तीन.

सगळ्यात जास्त वेळ गेला ‘टोपली’वर. पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात आणि तेवढे दिवस वर दिसते ती नुसती वाळू. गोष्टीत काही घडतच नाही! मैत्रीण म्हणाली, “हा काळ एका ओळीत संपवू या.” मला ते पटेना. हॅचरीत घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते आणि पिल्लं निघायचे दिवस आले की सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. आम्ही तेच घेतलं. एका जोडपानावर टोपली उचलली, काही नाही. पुढच्यावर उचलली, काही नाही. तिसऱ्यांदा वाळू मधोमध थोडी खचलेली. आणि पान उलटलं की काळी, ओली डोकी. वाट बघणं मुलाला सांगून कळत नाही, त्यासाठी त्याच्या हातून पानं उलटावी लागतात. म्हणून ‘टोपली’त प्रत्येक वेळी प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी ठेवला आणि उत्तर पलीकडच्या पानावर.

जिल्हा परिषदेच्या एका शाळेत डमी मोठ्यानं वाचली. मादी समुद्रात गेली, तिथे पहिला भाग संपत होता. मी थांबले तशी एक मुलगी म्हणाली, “मग अंडी कोण बघनार?” भाग तिथेच तोडायचा, हे त्या प्रश्नानं पक्कं झालं. वाळू गरम असली तर माद्या जास्त होतात आणि गार असली तर नर, ही गोष्ट आम्हा दोघींना फार आवडती. पण ती वाचताना मुलं खिडकीबाहेर बघू लागली. पट्टी उचलली आणि बत्तिसाव्या पानावर नेली.

‘लाट’मध्ये शब्द अगदी थोडे ठेवले. पिल्लं धावतात, लाट येते, पिल्लं जातात. तीन जोडपानं पुरतात.

मुलांसाठी लिहिणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. मजकूर छापखान्यात देण्याआधी कागद दुमडून डमी करा, ती मुलांसमोर बसून मोठ्यानं वाचा आणि मुलं जिथे प्रश्न विचारतील तिथेच भाग तोडा.