काबोचे कपेल

मांडवी आणि झुआरी यांच्या मुखांमधला भूभाग समुद्रात शिरतो, त्या टोकाला काबो म्हणतात. तेथे 1541 च्या सुमारास पोर्तुगिजांनी 'नोसा सेन्योरा दो काबो', म्हणजे काबोच्या सायबिणीचे (मेरीमातेचे) कपेल, म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर, बांधले. लिस्बनहून महिनोन्महिने प्रवास करून आलेल्या खलाशांना गोवा जवळ आल्याची खूण म्हणजे ही पांढरी वास्तू. 1594 मध्ये कपेलाशेजारी फ्रान्सिस्कन मठ उभा राहिला. समोर, मांडवीच्या उत्तर तीरावर, 1612 मध्ये आग्वादचा किल्ला पुरा झाला.

टिपू सुलतान आणि फ्रेंच यांच्या धास्तीने इंग्रजांनी 1799 मध्ये गोव्यात फौज उतरवली. 1813 पर्यंत तिचा एक तळ काबोला होता. जवळची छोटी इंग्रज दफनभूमी त्याच काळातली. पुढे 1835 मध्ये गोव्यातले मठ बंद झाले. जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियनांचा भव्य मठ ओस पडला, 1842 मध्ये त्याच्या चर्चचे छत कोसळले आणि 1931 मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग ढासळला. काबोवर मात्र 1866 मध्ये गव्हर्नरांचे निवासस्थान झाले. कपेल वाचले ते भक्तीइतकेच या राबत्यामुळे, असे म्हणायला हरकत नाही. 

कपेलात 16 डिसेंबर 1682 रोजी वारलेल्या दोना पावला यांची समाधिशिला आहे. त्यांच्या नावावर कड्यावरून उडी घेणाऱ्या प्रेमिकेची गोष्ट पर्यटकांना रंगवून सांगितली जाते. प्रत्यक्षात ही बाई जाफनापट्टणहून आलेल्या पोर्तुगीज घराण्यातली, लग्न होऊन गोव्यात संसार केलेली. शेजारच्या गावाला तिचेच नाव आहे.

अशा वास्तूंचा खरा शत्रू खारा वारा. गोव्यातली जुनी चर्चे बहुधा जांभ्याची. जांभा सच्छिद्र असल्याने पाऊस आणि मीठ दोन्ही शोषतो. मिठाने आत स्फटिकरूप धरले की चिरा पापुद्र्यांनी सुटतो. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, झिजतो आणि दगडाऐवजी स्वतः खराब होतो. म्हणून पांढरा चुना पुन्हा पुन्हा काढण्याची जुनी रीत निव्वळ शोभेची नव्हती. सिमेंटचा थर दिला तर ओल आतच कोंडते आणि नुकसान भिंतीच्या पोटात होते. दुरुस्तीत खर्च कमी आणि धीर जास्त लागतो.

आता हा परिसर राज्यपालांच्या निवासस्थानाचा. 15 ऑगस्टला सायबिणीच्या फेस्ताला कपेल भाविकांसाठी खुले होते.