कुत्र्यासोबत लांबचा प्रवास : अडचणी का येतात आणि मुलांना त्या कशा समजावून सांगाव्यात



वार्षिक परीक्षा संपली की शिरगाव, पालघर, बोईसर भागातली बरीच कुटुंबं गावाला निघतात. कुणाचं गाव महाडकडे, कुणाचं खेडला, कुणाचं चिपळूणला. पूर्वी एसटी नाहीतर रेल्वे होती, आता अनेकांकडे स्वतःची गाडी आहे. मग घरातला मोती किंवा टॉमीसुद्धा गाडीत बसतो. मुलं खूश होतात, पण अर्ध्या वाटेत कुत्रा उलटी करतो, धापा टाकतो, नाहीतर धाब्यावर दार उघडताच पळून जातो. असं का होतं? त्याचं शरीर आपल्यासारखं चालत नाही आणि आपण प्रवास मात्र आपल्या सोयीने आखतो, म्हणून. हे मुलांना नीट समजलं तर बऱ्याच अडचणी घरातून निघण्याआधीच टळतात.

आधी रस्ता डोळ्यांसमोर आणा. शिरगावहून पालघर, मनोर, मग ४८ क्रमांकाच्या महामार्गाने घोडबंदर, ठाणे, पनवेल. पुढे मुंबई-गोवा महामार्गाने पेण, माणगाव, महाड आणि कशेडी ओलांडून चिपळूण. हे अंतर ३०० किलोमीटरहून जास्त भरतं. वाटेत कोंडी लागली तर अख्खा दिवस जातो.

१. सगळ्यात मोठा धोका उन्हाचा

आपल्याला घाम येतो. तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून गार वाटतं. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, तोही थोडाच. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि जिभेवरचा, तोंडातला ओलावा वाळवून अंग थंड ठेवतो. वर्गात एक सोपी कृती करून बघा. मुलांना एक हात ओला करायला सांगा, दुसरा कोरडा ठेवा आणि दोन्हींवर फुंकर मारायला सांगा. ओला हात गार लागतो. कुत्र्याची धाप म्हणजे हीच फुंकर.

आता आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट. हवेत दमटपणा जास्त असला की कपडे लवकर वाळत नाहीत, सुकत घातलेले बोंबीलही वाळत नाहीत. तसाच कुत्र्याच्या जिभेवरचा ओलावाही लवकर वाळत नाही. म्हणून मे महिन्यात कोकणात कुत्रा कितीही धापा टाकत असला तरी अंग हवं तेवढं थंड होत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर आणखी त्रास होतो.

अशा वेळी "पाच मिनिटांत चहा घेऊन येतो" म्हणून कुत्र्याला बंद गाडीत ठेवणं जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढलं. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. शाळेत हे दाखवायचं तर काचेच्या बंद बरणीत एक थर्मामीटर आणि बाहेर सावलीत दुसरा ठेवा. दर पाच मिनिटांनी मुलं तापमान लिहून घेतील. गणिताच्या तासाला त्याचाच आलेख काढता येईल.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असतं. ते ४१ च्या वर गेलं की जीव धोक्यात येतो. खूप जोरात धाप, चिकट लाळ, लडखडणं, उलटी ही त्याची लक्षणं. अशा वेळी आधी सावलीत न्या, अंगावर साधं गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच पशुवैद्यांकडे निघा. पाणी घोटघोटच पाजा, तोंडात ओतू नका.

२. गाडी लागणं

मुलांना घाटात गाडी लागते तशी कुत्र्यालाही लागते. शरीराचा तोल सांभाळणारा भाग कानाच्या आत असतो आणि वळणांवर तो गोंधळतो. पिल्लांना हा त्रास जास्त होतो. सारखी लाळ गळणं, जांभया, ओठ चाटणं ही उलटीची आगाऊ सूचना समजा. निघण्याच्या तीन-चार तास आधी हलकं खायला द्या. आधी काही दिवस शिरगाव ते पालघर अशा छोट्या फेऱ्या मारून सवय करा. आपली माणसांची गोळी मात्र कधीच देऊ नका. साधी तापाची गोळीही कुत्र्याला विषारी ठरू शकते.

३. धूळ, डांबर आणि खाऊ

१९०३ साली होरॅशिओ जॅक्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने आपल्या साथीदारासह मोटारीने अमेरिका आडवी पार केली. सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क, ६३ दिवस. वाटेत त्यांनी 'बड' नावाचा कुत्रा घेतला. उघड्या मोटारीत धुळीने त्याचे डोळे खराब व्हायला लागले, तेव्हा त्याला चक्क गॉगल लावला! आपल्याला गॉगल नको, कुत्र्याचं डोकं खिडकीबाहेर येऊ दिलं नाही तरी पुरे. त्याला मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून बसवा. मांडीवर नको. अचानक ब्रेक लागला तर तो पुढे फेकला जातो.

थांबल्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद डांबरावर टेकवा. आपल्याला सहन झालं नाही, तर त्याच्या पंजालाही होणार नाही. आणि मुलांनो, कांदाभजी, चॉकलेट, द्राक्षं, मनुका त्याच्याशी वाटून खायच्या नाहीत. त्या त्याला बाधतात.

४. धाब्यावरची भांडणं आणि रेबीज

प्रत्येक थांब्यावर तिथली कुत्री असतात आणि आपला कुत्रा त्यांच्या हद्दीत गेलेला असतो. म्हणून आधी साखळी हातात, मगच दार उघडायचं. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला हवा. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी वेळेवर द्यायची. भांडण सोडवायला मुलांनी मध्ये पडायचं नाही. कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याने, साबण लावून १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. चावल्यावर मार बसेल या भीतीने मुलं ते लपवतात. पालकहो, "तू सांग, आम्ही रागावणार नाही" हे त्यांना आजच सांगून ठेवा.

५. निघण्याआधी मुलांवर कामं सोपवा

एकाने पाण्याची बाटली आणि भांडं सांभाळायचं. एकाने दर दोन तासांनी थांबण्याची आठवण करायची. एकाने वाटेतल्या तालुक्यांच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचे नंबर वहीत लिहायचे. पहाटे लवकर निघा, म्हणजे निम्मा रस्ता ऊन चढण्याआधी संपतो. कुत्रा म्हातारा असेल, आजारी असेल किंवा गाडीला फार घाबरत असेल, तर त्याला ओळखीच्या शेजाऱ्यांकडे ठेवणंच बरं. त्यात प्रेम कमी पडलं असं काही नाही. हा निर्णय मुलांसमोर, कारणं सांगून घ्या.

ही कृती वर्गात करून पाहिलीत तर मुलांची निरीक्षणं आम्हाला जरूर कळवा.