पहिली भेट दंतवैद्याची

“दुधाचे दात पडणारच, मग दंतवैद्य कशाला?” बदलीनिमित्त नोएडात आलेल्या मराठी घरांतही हा प्रश्न ऐकू येतो. वस्तुतः दुधाच्या दाढा मूल १०-१२ वर्षांचे होईपर्यंत कायमच्या दातांची जागा राखतात. म्हणून पहिली तपासणी दुखणे उद्भवण्यापूर्वीच, पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी. तान्ह्या बाळाला आईच्या मांडीवरच तपासता येते. तपासणी राहून गेली असल्यास तीन-चार वर्षांच्या मुलाबरोबर आधी घरी आरशासमोर २० दात मोजण्याचा खेळ खेळावा. डॉक्टर हिंदीभाषक असल्यास ‘मुँह खोलो’ हे शब्दही ओळखीचे करून द्यावेत. ‘सुई टोचतील’ हा धाक आणि ‘दुखणार नाही’ हे आश्वासन, दोन्ही टाळावीत. दोहोंतून भीतीच रुजते. पहिल्या भेटीत जमा झालेला विश्वास पुढे व्याजासह परत मिळतो.