माहिती प्रणालीचा विकास आणि लिंगभाव : अंगणवाडी सेविकांच्या संदर्भात

प्रस्तावना : संस्थेसाठी माहिती प्रणाली विकसित करताना प्रथम वापरकर्त्याच्या गरजांचे विश्लेषण केले जाते. मात्र 'वापरकर्ता' ही संज्ञा सर्वसाधारणपणे लिंगनिरपेक्ष मानली जाते. प्रत्यक्षात काम कोणाचे व निर्णय कोणाचा, हा प्रश्न लिंगभावाशी निगडित असतो.

उदाहरण : एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या नोंदी अंगणवाडी सेविका रजिस्टरमध्ये ठेवीत. मार्च २०२१ मध्ये त्यासाठी 'पोषण ट्रॅकर' हे मोबाईल अ‍ॅप आले. मानधनावर काम करणाऱ्या या स्त्रियांना आरंभी इंग्रजीतून नोंदी कराव्या लागल्या. शासकीय मोबाईलची क्षमताही अपुरी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील सेविकांनी ते मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. पुढे अ‍ॅप मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध झाले.

विवेचन : हा तंत्रज्ञानाला विरोध नव्हता. प्रणालीच्या रकान्यात बालकाचे वजन नोंदले जाते. ते वजन घेऊ देण्यासाठी मातेची समजूत काढण्यात गेलेला वेळ नोंदला जात नाही. स्त्रीचे असे श्रम स्वाभाविक मानले जातात, कौशल्य म्हणून नव्हे. म्हणूनच ते आराखड्यातून निसटतात.

निष्कर्ष : सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू व कन्नडही बोलली जाते. कोणत्या घरी कोणत्या भाषेत विचारावे, हे सेविकेलाच ठाऊक असते. तेव्हा गरजांच्या विश्लेषणातच तिला सहभागी करून घेणे आवश्यक ठरते. आंदोलनातून कळलेली गरज आधी विचारूनही कळली असती.